प्रॉक्समॉक्सचं लॉगिन १४ जणांसाठी सोपं कसं करायचं? ३ नोड आहेत, एडी आहे

वर्कशॉप_आयटी

प्रॉक्समॉक्स व्हीई ८.४ (व्हर्च्युअल मशिन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर), तीन नोडचं म्हणजे तीन सर्व्हरचं क्लस्टर. विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, कंपनीच्या खात्यांची यादी) आहे, ती चालवणारे दोन डोमेन कंट्रोलर, त्यातला एक याच क्लस्टरवर व्हीएम म्हणून चालतो. वापरणारे १४ जण: ५ ॲडमिन, ७ डेव्हलपर, २ जणांना फक्त बघायचं असतं.

सध्याचा कारभार असा. रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड सगळ्यांना माहीत. प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तीन आयपींचे तीन बुकमार्क, आणि तिन्हीवर सर्टिफिकेटची लाल पाटी. काहींना पीएएम युजर करून दिले, तर ते एका नोडवर चालतात आणि दुसऱ्यावर ४०१ (लॉगिन नाकारलं) येतो. लॉगिन खिडकीतला रिअल्मचा (खातं कुठल्या यादीतलं ते निवडायचा) ड्रॉपडाउन कोणालाच कळत नाही, चुकीचा निवडतात आणि "पासवर्ड चालत नाही" म्हणून फोन करतात.

हवं ते एवढंच: एक पत्ता, विंडोजचंच नाव आणि पासवर्ड, ड्रॉपडाउनला हात लावायला नको. पासवर्डही टाकावा लागला नाही तर सोन्याहून पिवळं. शिवाय काही बॅकअप स्क्रिप्टमध्ये रूटचा पासवर्ड लिहिलेला आहे, त्याचं काय करावं?

---

कोरम_तीन

आधी एक गैरसमज दूर करू. तीन नोडसाठी तीन लॉगिन लागतच नाहीत. प्रॉक्समॉक्समध्ये मुख्य नोड असा नसतो. कुठल्याही एका नोडवर शिरलात की डाव्या बाजूच्या झाडात तिन्ही नोड दिसतात आणि तिथूनच चालवता येतात. तिकीट (लॉगिननंतर ब्राउझरला मिळणारा तात्पुरता पास) सही करण्याची किल्ली क्लस्टरभर सामाईक असते, म्हणून एका नोडने दिलेलं तिकीट दुसरा मानतो. पुन्हा लॉगिन मागितलं जातं ते ब्राउझरमुळे, कारण कुकी पत्त्याला बांधलेली असते आणि तुमचे पत्ते तीन आहेत. दोन बुकमार्क आजच काढून टाका, एक तक्रार संपली.

पीएएम युजर म्हणजे लिनक्सचा युजर. युजरची नोंद क्लस्टरभर जाते, पण पासवर्ड त्या-त्या नोडच्या डिस्कवर राहतो. म्हणून एका नोडवर चालतो, दुसऱ्यावर ४०१. पीएएम फक्त रूटसाठी ठेवा, बाकीचे काढून टाका.

आता एडी जोडणं. डेटासेंटर → परमिशन्स → रिअल्म्स → ॲड → ॲक्टिव्ह डिरेक्टरी सर्व्हर.

रिअल्मला छोटं नाव द्या, समजा "ऑफिस". हे नाव नंतर बदलता येत नाही आणि प्रत्येक युजरच्या मागे चिकटतं, तेव्हा इथे गंमत नको. डोमेनमध्ये एडीचं पूर्ण नाव. सर्व्हर आणि फॉलबॅक सर्व्हर या दोन रकान्यांत दोन्ही डोमेन कंट्रोलर घाला, पहिला तो जो क्लस्टरच्या बाहेर आहे. आयपी घालू नका, पूर्ण डीएनएस नाव घाला; सर्टिफिकेटवर नाव असतं, आयपी बहुतेक वेळा नसतो. मोड एलडीएपीएस (एडीशी कूटबद्ध बोलणं), पोर्ट ६३६, आणि "व्हेरिफाय सर्टिफिकेट" वर टिक.

साधा एलडीएपी मोड, पोर्ट ३८९, कधीच नको. प्रॉक्समॉक्स एडीला सिंपल बाइंड करतो, म्हणजे पासवर्ड तारेवरून उघडा जातो. तुमच्या डोमेन कंट्रोलरवर एलडीएपी सायनिंग सक्तीचं असेल तर तो असा बाइंड नाकारतोच, आणि मग लोक पासवर्ड चुकला समजून तासभर डोकं खाजवतात.

शेवटी "डिफॉल्ट" वर टिक. तुमच्या ड्रॉपडाउनचं उत्तर हीच एक टिक आहे. लॉगिन खिडकी आपोआप "ऑफिस" रिअल्म घेऊन उघडते. खाली "सेव्ह युजर नेम" आहे, ते एकदा टिकलं की पुढच्या वेळी फक्त पासवर्ड.

अजून लॉगिन होणार नाही हं. एडीत माणूस असला तरी प्रॉक्समॉक्सच्या युजर यादीत त्याची नोंद लागते. ती हाताने करू नका, सिंक लावा. एडीत एक साधं वाचन-खातं तयार करा, त्याचा पासवर्ड मुदतबाह्य होणार नाही असं बघा, आणि रिअल्मच्या "सिंक ऑप्शन्स" मध्ये ते बाइंड युजर म्हणून द्या. स्कोप: युजर्स आणि ग्रुप्स दोन्ही. युजर फिल्टर लावला नाही तर अख्खी कंपनी, प्रिंटरच्या सर्व्हिस खात्यांसकट, यादीत येऊन बसेल. एडीत तीन ग्रुप करा, ॲडमिन, डेव्हलपर आणि दर्शक, आणि फिल्टर त्या तीन ग्रुपच्या सदस्यांपुरता ठेवा. पहिला सिंक "प्रिव्ह्यू" करून पाहा, मगच खरा.

सिंक झाल्यावर ग्रुपच्या नावामागे रिअल्म जोडलेला दिसेल, "डेव्हलपर-ऑफिस" असा. हक्क या ग्रुपना द्यायचे, माणसांना नाही:

ॲडमिन ग्रुपला "/" वर ॲडमिनिस्ट्रेटर.
दर्शकांना "/" वर पीव्हीई-ऑडिटर.
डेव्हलपरांसाठी एक पूल करा, त्यांच्या व्हीएम त्यात टाका, आणि पूलवर पीव्हीई-व्हीएम-युजर. यात कन्सोल, चालू-बंद, बॅकअप आणि सीडी बदलणं एवढं मिळतं.

डेव्हलपरांना स्वतः व्हीएम तयार करू द्यायची असेल तर पूलवर पीव्हीई-व्हीएम-ॲडमिन द्या, पण तेवढ्याने भागत नाही. ज्या स्टोरेजवर डिस्क जाणार तिथे पीव्हीई-डेटास्टोअर-युजर लागतं, आणि आवृत्ती ८.० पासून नेटवर्क ब्रिज वापरायलाही वेगळी परवानगी लागते, पीव्हीई-एसडीएन-युजर. ती विसरली की विझार्डमध्ये ब्रिजची यादी रिकामी दिसते आणि दोष नेटवर्कवाल्यांच्या माथी जातो.

एक सापळा: एखाद्या माणसाला थेट हक्क दिला तर त्या जागेवर त्याचा ग्रुपचा हक्क बेरजेत येत नाही, पुसला जातो. "याला जरा जास्त देऊ" म्हणून केलेल्या नोंदीने हक्क कमी झालेला असतो.

---

झटपट_नेट

एवढं कशाला? एपीआय टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) बनवा, पुढे एनजिनएक्स (मधला प्रॉक्सी सर्व्हर) ठेवा, आणि प्रॉक्सीलाच प्रत्येक रिक्वेस्टमध्ये टोकनचा हेडर घालायला सांगा. कोणालाच लॉगिन करावं लागणार नाही.

---

तिसरी_शिफ्ट

झटपट_नेट, हे करू नका आणि कोणाला सुचवूही नका. त्या प्रॉक्सीपर्यंत जो पोचला तो ॲडमिन झाला. मग तो पाहुणा असो, वायफायवरचा फोन असो की एखाद्या डेव्हलपरच्या मशिनमध्ये शिरलेला व्हायरस. टास्क लॉगमध्ये प्रत्येक कामापुढे एकच नाव येणार, म्हणजे व्हीएम कोणी उडवली ते कधीच कळणार नाही. आज सगळे रूट वापरतात त्याहून हे वाईट, कारण निदान रूटला पासवर्ड तरी आहे.

प्रॉक्सी ठेवायचीच तर एका पत्त्यासाठी ठेवा, ओळख पटवण्यासाठी नको. ४४३ वर ऐकणारा एनजिनएक्स, मागे तिन्ही नोडचं ८००६ (प्रॉक्समॉक्सच्या वेब पानाचं पोर्ट). यात तीन गोष्टी हमखास राहतात. वेबसॉकेटचे (कन्सोलच्या सतत चालू जोडणीचे) अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर पुढे गेले नाहीत तर लॉगिन नीट होतं पण कन्सोल काळं राहतं. अपलोडच्या आकाराची मर्यादा शून्य, म्हणजे अमर्याद, केली नाही तर आयएसओ चढवताना ४१३ (फाइल फार मोठी) येतो, कारण एनजिनएक्सची मूळ मर्यादा फक्त १ एमबी. आणि वाचनाचा टाइमआउट ६० सेकंदांचा असतो, तो ३६०० करा, नाहीतर नुसतं बघत बसलेल्या माणसाचं कन्सोल मिनिटाभरात तुटतं.

तिन्ही नोडची घड्याळंही जुळलेली हवीत. तिकिटावर वेळ असते. एक नोड बराच पुढे-मागे असला तर प्रॉक्सीने त्या नोडवर पाठवलेली प्रत्येक रिक्वेस्ट ४०१ देते आणि माणूस लॉगिन-लॉगिन खेळत बसतो. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) तीनही ठिकाणी चालू आहे ना ते बघा.

लाल पाटीबद्दल. क्लस्टरचं स्वतःचं मूळ सर्टिफिकेट असतं, ते ग्रुप पॉलिसीने सगळ्या विंडोज मशिनवर टाकलं की पाटी जाते. पण माझं मत याच्या विरुद्ध आहे: त्या मूळ सर्टिफिकेटची खासगी किल्ली क्लस्टरवरच पडून असते, आणि ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या सगळ्या मशिनना पटेल असं कुठल्याही साइटचं सर्टिफिकेट बनवू शकतो. कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट सर्व्हर असेल तर त्याचं घाला. नसेल तर अ‍ॅक्मे (आपोआप सर्टिफिकेट मिळवायची पद्धत) प्रॉक्समॉक्समध्येच आहे: डेटासेंटर → अ‍ॅक्मे मध्ये खातं आणि डीएनएस प्लगइन, मग प्रत्येक नोडच्या सर्टिफिकेट्स पानावर डोमेन. डीएनएस पद्धत घ्या. एचटीटीपी पद्धतीला पोर्ट ८० इंटरनेटवरून उघडं लागतं आणि हायपरवायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरला) तसं उघडं ठेवणं म्हणजे चोराला किल्ली देणं. नूतनीकरण नोड स्वतः करतो.

---

वर्कशॉप_आयटी

कोरम_तीन, तुमच्या सांगण्याप्रमाणे रिअल्म आणि सिंक केलं. बहुतेकांचं चालू झालं, आभार. पण चार अडचणी:

१. दुसऱ्या नोडवरून एडीचं लॉगिन होतं, पहिल्या आणि तिसऱ्यावरून नाही.
२. सोय म्हणून "डोमेन युजर्स" ग्रुपही सिंक केला, तो रिकामा आला.
३. नवीन आलेल्या एका मुलीचं लॉगिन होत नाही, पासवर्ड बरोबर आहे, दोनदा रीसेट करून दिला.
४. एकजण आत शिरतो पण झाड रिकामं दिसतं.

---

कोरम_तीन

१. एडीच्या सर्टिफिकेटचं मूळ सर्टिफिकेट तुम्ही फक्त दुसऱ्या नोडवर टाकलंय. रिअल्मची सेटिंग क्लस्टरभर जाते, पण लिनक्सची विश्वासू सर्टिफिकेटांची यादी प्रत्येक नोडची वेगळी. ते तिन्ही नोडवर टाका, फाइलचं शेपूट "सीआरटी" असू द्या (दुसरं असेल तर यादी ताजी करणारी आज्ञा फाइल गुपचूप सोडून देते), यादी ताजी करा आणि पीव्हीई-डीमन रीस्टार्ट करा. "व्हेरिफाय" ची टिक काढून भागवू नका.

आणि डोमेन कंट्रोलरचं स्वतःचं सर्टिफिकेट टाकू नका, ते ज्याने दिलं त्याचं मूळ टाका. कंट्रोलरचं सर्टिफिकेट नूतन झालं की जुनं निरुपयोगी होतं आणि एका सकाळी सगळ्यांचं लॉगिन एकदम बंद पडतं. व्हीसेंटरलाही (व्हीएमवेअरच्या अशाच सॉफ्टवेअरला) हेच दुखणं आहे.

२. "डोमेन युजर्स" हा माणसांचा प्राथमिक ग्रुप आहे, आणि एडी प्राथमिक ग्रुपचे सदस्य त्याच्या सदस्य-यादीत लिहीतच नाही. सिंक ती यादीच वाचतो, म्हणून रिकामा. ग्रुपमध्ये ग्रुप घातलेला असेल तरी तसंच होईल, आतल्या ग्रुपमधली माणसं उलगडून येत नाहीत. तीन ग्रुपमध्ये माणसं थेट घाला, १४ तर आहेत.

३. नोड → सिस्टम → सिस्टम लॉग उघडा आणि तिच्या नावाची ओळ शोधा. एडी कारण सांगत असतो, शेवटी "डेटा" शब्दापुढे एक कोड असतो:

५२ई: पासवर्ड चुकला
५२५: असा युजर नाही
५३२: पासवर्डची मुदत संपली
५३३: खातं बंद केलेलं आहे
७७३: पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणं सक्तीचं
७७५: खातं लॉक झालंय

तुमच्याकडे ७७३ निघेल असा अंदाज. रीसेट करताना "पुढच्या लॉगऑनला पासवर्ड बदला" ही टिक राहते. विंडोज तो बदलायची खिडकी दाखवतो, प्रॉक्समॉक्सला ती दाखवता येत नाही, तो नुसता नकार देतो. तिला आधी विंडोज मशिनवर लॉगिन करून पासवर्ड बदलू द्या. म्हणजे तुम्ही दोनदा रीसेट करून दोनदा तीच टिक लावलीत.

४. ओळख पटली, हक्क नाही. तो तीनपैकी एकाही ग्रुपमध्ये नाही, किंवा आहे पण नंतर सिंक झालेला नाही, किंवा हक्क देताना "प्रोपगेट" ची (हक्क खालच्या सगळ्यांपर्यंत नेणारी) टिक राहिली. युजर्सच्या पानावर त्याचं नाव निवडून "परमिशन्स" दाबलं की त्याला प्रत्यक्षात काय मिळतंय ते पाहता येतं, अंदाज करत बसू नका.

नावाच्या बाबतीत अजून एक. रिअल्ममध्ये "केस-सेन्सिटिव्ह" ची टिक मूळची लावलेली असते. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांशी देणंघेणं नाही, त्यामुळे लोक नावाचं पहिलं अक्षर मोठं टाकतात आणि प्रॉक्समॉक्सला तो निराळाच युजर वाटतो. ती टिक काढा, अर्धे फोन कमी होतील.

---

ओळखपत्र

पासवर्डसुद्धा नको असेल तर. प्रॉक्समॉक्सच्या वेब पानाला केर्बेरॉस (विंडोज वापरतो ती ओळख पटवण्याची पद्धत) थेट येत नाही, त्यामुळे विंडोजमध्ये शिरलेला माणूस आपोआप आत जाईल असं एडी रिअल्मने होणार नाही. त्यासाठी ७.० पासून ओपनआयडी कनेक्ट रिअल्म (ओळख पटवणं दुसऱ्या सर्व्हरवर सोपवणारा) आहे. मध्ये की-क्लोक, एडीएफएस किंवा एन्ट्रा आयडी असा ओळख-सर्व्हर लागतो. की-क्लोकला केर्बेरॉसने एडीशी जोडलं की विंडोज मशिनवरून एक क्लिक, बस.

तीन जागी लोक अडकतात. पहिली, युजरनेम क्लेम (ओळख-सर्व्हरकडून आलेलं कुठलं मूल्य नाव मानायचं). मूळ किंमत "सब्जेक्ट" ठेवली तर युजरच्या नावाऐवजी लांबलचक अगम्य अक्षरमाळ येते, आणि रिअल्म एकदा तयार झाल्यावर हा क्लेम बदलता येत नाही, अख्खा रिअल्म पुन्हा करावा लागतो. आधीच "युजरनेम" किंवा "ईमेल" निवडा. दुसरी, परतीचा पत्ता. ज्या पत्त्याने लोक पान उघडतात तो पोर्टसकट अक्षरशः तसाच ओळख-सर्व्हरवर नोंदलेला हवा. प्रॉक्सीच्या पत्त्यासोबत तिन्ही नोडचे पत्तेही नोंदवा, म्हणजे प्रॉक्सी पडली तरी काम चालेल. तिसरी, इश्युअर यूआरएल. ओळख-सर्व्हर स्वतःला जे म्हणवतो तेच लिहा, शेवटच्या तिरप्या रेघेचा फरकही चालत नाही.

"ऑटोक्रिएट" लावलं तर युजर आपोआप तयार होतो, पण हक्काविना. सिंकने आलेले "-ऑफिस" वाले युजर याला कळत नाहीत, रिअल्म वेगळा म्हणून माणूस वेगळा.

१४ जणांसाठी नुसत्या प्रॉक्समॉक्सकरता की-क्लोक उभा करू नका. कंपनीत तो आधीच असेल तर जरूर जोडा. नसेल तर पासवर्ड टाकायची दहा सेकंदं वाचवायला एक नवा सर्व्हर सांभाळावा लागेल, आणि तो पडला की लॉगिनही पडलं.

---

झटपट_नेट

व्हीसेंटरमध्ये "विंडोज सेशन वापरा" अशी टिक होती, एवढी सोपी गोष्ट प्रॉक्समॉक्सला का जमू नये?

---

तिसरी_शिफ्ट

ती टिक चालायला प्रत्येक मशिनवर व्हीएमवेअरचं वेगळं प्लगइन लागायचं. ते २०२१ मध्येच मोडीत काढलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात सीव्हीई-२०२४-२२२४५ ही सुरक्षा-त्रुटी सापडल्यावर कंपनीने दुरुस्ती देण्याऐवजी ते सरळ काढून टाकायला सांगितलं. व्हीसेंटरसुद्धा आता ओळख-सर्व्हरच्या वाटेनेच जातो.

वर्कशॉप_आयटी, तुमच्या मांडणीतला एक धोका अजून कोणी बोललं नाही. एक डोमेन कंट्रोलर क्लस्टरवर आहे. वीज गेली, सगळं एकदम बंद झालं, आणि बाहेरचा कंट्रोलरही उठला नाही, तर एडीचं लॉगिन नाही. आणि आतला कंट्रोलर सुरू करायला लॉगिन हवं. तिथे रूटच कामाला येतो. तेव्हा रूट बंद करू नका. नवा लांब पासवर्ड, टीओटीपी (मोबाइलवरचा बदलता कोड), आणि रिकव्हरी कोडचा कागद पाकिटात घालून तिजोरीत. टीओटीपी बऱ्याचदा चुकला तर तो लॉक होतो आणि रिकव्हरी कोडशिवाय त्याच खात्याने सुटत नाही, म्हणून कागद हवाच. त्या कंट्रोलर व्हीएमला "स्टार्ट ॲट बूट" आणि क्रम १ द्या.

काही कामं रूटलाच करता येतात, उदाहरणार्थ कंटेनरला होस्टचा फोल्डर थेट जोडणं. पीसीआय कार्ड व्हीएमला देण्यासाठी मात्र ८.० पासून रिसोर्स मॅपिंग आहे, ते एकदा रूटने करून ठेवलं की रोजच्या कामाला रूट लागत नाही. एडीचा ॲडमिन नोडची "शेल" उघडेल तेव्हा त्याला परत लिनक्सचं नाव-पासवर्ड विचारलं जाईल, तो बिघाड नाही.

---

कोरम_तीन

स्क्रिप्टचं राहिलं. प्रत्येक स्क्रिप्टला पीव्हीई रिअल्ममध्ये (प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या यादीत) स्वतंत्र युजर, त्याखाली एपीआय टोकन. "प्रिव्हिलेज सेपरेशन" ची टिक ठेवली तर टोकनला वेगळे हक्क द्यावे लागतात. युजरला दिले आणि टोकनला विसरले तर ४०३ (हक्क नाही) येतो. आणि टोकनला युजरपेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत, म्हणून दोघांनाही द्या. गुप्त किल्ली एकदाच दिसते, ती खिडकी बंद करण्याआधी उतरवून घ्या. टोकनला तिकीट, नूतनीकरण, टीओटीपी यातलं काहीच लागत नाही.

टोकन एडीच्या माणसाखाली मात्र काढू नका. टोकन तपासताना एडीला विचारलं जात नाही. माणूस नोकरी सोडून गेला, एडीत खातं बंद केलं, तरी त्याचं टोकन चालूच राहतं. उघड्या टॅबचंही तेच: तिकीट २ तासांचं असतं, पण टॅब उघडा असेतो ब्राउझर ते परस्पर नवं करत राहतो आणि त्यातही एडीला विचारणं नाही.

यावर उपाय सिंकमध्येच आहे. युजर फिल्टरमध्ये बंद खाती वगळा (एडीच्या युजर-अकाउंट-कंट्रोलमधला २ किमतीचा बिट), "रिमूव्ह व्हॅनिश्ड" (एडीतून गेलेलं इथूनही काढणं) मध्ये एन्ट्री आणि एसीएल (हक्कांच्या नोंदी) टिका, प्रॉपर्टीज सोडून द्या, नाहीतर हाताने भरलेले तपशील पुसले जातील. मग रिअल्म्स पानाखालीच सिंक जॉब आहे, तो तासाला एकदा लावा. माणूस जाईल त्या दिवशी तासाभराची वाट न बघता "सिंक" चं बटण हाताने दाबा.

---

वर्कशॉप_आयटी

७७३ च निघाला. ग्रुप थेट केले, केसची टिक काढली, मूळ सर्टिफिकेट तिन्ही नोडवर टाकलं. १४ पैकी १४ आत. ओपनआयडी सध्या नको. आता रूटचा पासवर्ड बदलायचाय, पण स्क्रिप्ट कुठे कुठे आहेत त्याची यादीच नाही. बदलला की कळेलच म्हणा.

---

तिसरी_शिफ्ट

बदलायच्या आधी आठवडाभर पीव्हीई-प्रॉक्सीचा (नोडवरच्या वेब पान देणाऱ्या सेवेचा) ॲक्सेस लॉग बघा, तिन्ही नोडवर, कारण तोही प्रत्येक नोडचा वेगळा. आयपी, युजर आणि वेळ त्यात असते. रात्री अडीचला ज्या मशिनवरून रूटच्या नावाने रिक्वेस्ट येतायत, तिथे स्क्रिप्ट आहे. आणि पासवर्डही तीनदा बदलावा लागेल, एकेका नोडवर. रूट शेवटी पीएएमचाच.